कयाकखालची रेघ

पोर्चमध्ये दोन लाकडी तिवयांवर कयाक, म्हणजे एकाच माणसाची अरुंद होडी, ठेवली होती आणि जावई तिच्या मागच्या गोल झाकणातून खांद्यापर्यंत हात आत घालून घामाघूम होत होता. आत काय चाललंय ते त्याला दिसत नव्हतं, सगळा कारभार बोटांनी चाचपून चालला होता. शेजारी आरामखुर्चीत अण्णा, म्हणजे त्याचे सासरे, मांडीवर मासे शोधायच्या यंत्राचा पडदा घेऊन बसले होते आणि सूचना देत होते. सूचना देण्यासाठी त्या कामातलं काही कळावं लागतं, असं अण्णांचं मत नव्हतं.

"जावईबापू, हात अडकला तर सांगा. करवत आणतो."

"कयाक कापायला की हात?"

"कयाक महाग आहे," अण्णा म्हणाले.

अण्णा अशी थट्टा करतात, हीच त्या घरातली सध्याची मोठी बातमी होती. सासूबाई गेल्या आणि लेकीनं वडिलांना आपल्याकडे आणलं, तेव्हापासून म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडून असे. जेवायला बोलावलं की येई, दोन घास चिवडी, उठे. लेक स्वयंपाकघरात उभी राहून रडे आणि जावई भांडी विसळायचं निमित्त करून तिथेच घुटमळे. मग गल्लीतल्या एकानं घर बदलताना ही जुनी पिवळी कयाक देऊन टाकली. जावयानं ती स्वतःसाठी घेतली होती, पण तिच्यात पहिल्यांदा बसले ते अण्णा. लहानपणी नदीकाठी वाढलेला माणूस, वल्हं हातात आलं आणि खांदे सरळ झाले. त्या दिवसापासून कयाक अण्णांची झाली, आणि जावयाला त्याचं मनापासून बरं वाटलं.

अडचण एवढीच होती की अण्णांना मासा काही लागत नव्हता. गावाबाहेरचं तळं मोठं होतं. काठाशी मिळालं नाही की अण्णा पुढे जात, तिथे मिळालं नाही की आणखी पुढे, थेट पलीकडच्या कड्याखाली, जिथे फोनही लागत नाही. बायको जावयाच्या मागे लागली होती. "त्यांना काठाजवळचेच मासे दाखव कसेही. म्हणजे लांब जाणार नाहीत. मला एकदा आई गेली तेवढं पुरे आहे." म्हणून हे यंत्र, फिश फाइंडर.

जावयाला हे काम परकं नव्हतं. हॉस्पिटलांतली सोनोग्राफीची मशिनं दुरुस्त करण्यावर त्याचं पोट होतं. आवाज आत सोडायचा, तो कशाकशावर आपटून परत येतो ते ऐकायचं आणि त्याचं चित्र काढायचं. तिथे पोट असतं, इथे तळं, एवढाच फरक. सेन्सर दांड्याला बांधून बाहेर पाण्यात सोडता आला असता, पण तो शेवाळात अडकतो, दगडावर आपटतो. त्यापेक्षा आतूनच तळाला चिकटवून टाकायचा, प्लॅस्टिकमधून त्याला खालचं बरोबर दिसतं. अट एकच, मधे हवा राहता कामा नये. हवा आली की आवाज तिथूनच माघारी फिरतो आणि नसलेल्या गोष्टी दिसायला लागतात.

त्यानं बसायच्या जागेच्या किंचित मागे, तळ सपाट होता तिथे, पॉलिश पेपर मारून प्लॅस्टिक खरखरीत केलं, स्पिरिटनं पुसलं. जागा पक्की करण्यासाठी आधी नुसतं जेल लावून पाहावं म्हणून कामावरची बाटली काढली. अण्णांनी ती ओळखली.

"पोटाला जेल? कितवा महिना लागलाय हिला?"

आतून बायकोचं हसू ऐकू आलं. जावयानं मान वर न करता काम चालू ठेवलं, पण त्यालाही हसू आवरत नव्हतं. मग गोंद ओतला, सेन्सर त्यात बसवून थोडा फिरवत दाबला, वर वीट ठेवली. तार डेकखालून पुढे आणली, भोकाला रबरी बूच बसवलं, बॅटरी झाकणाच्या डब्यात बंद केली आणि पडदा अण्णांच्या गुडघ्यांसमोर येईल असा पट्टीवर कसला. पडद्यावरचं चित्र फोनवरही घेता येत होतं, ते त्यानं आपल्या फोनवर जोडून ठेवलं. काम स्वच्छ झालं होतं.

तळ्यावर पहिली फेरी त्यानं स्वतः मारली. तळ दिसला, उतार दिसला, पाणवनस्पती केसांसारख्या उभ्या दिसल्या, आणि काठापासून फार लांब नाही अशा ठिकाणी माशांच्या छोट्या छोट्या कमानीही दिसल्या. परत येऊन त्यानं अण्णांना शिकवलं. पडद्याची उजवी कड म्हणजे आत्ता, बाकी सगळं होऊन गेलेलं, ते डावीकडे सरकत जातं. मासा खालून आडवा गेला की कमान उमटते.

अण्णा गेले आणि तासाभरानं परत आले. मासा नव्हता, पण चेहऱ्यावर कुतूहल होतं.

"तुमच्या यंत्रात एक रेघ येतेय," ते म्हणाले. "कमान नाही. सरळ रेघ. सारखी."

"तुम्ही एका जागी थांबला असाल. खाली ओंडका असेल."

"मी वल्हवत होतो."

"मग ओंडका मागे पडतो, रेघ संपते."

"नाही संपत. मी सबंध वेळ वल्हवत होतो आणि रेघ सबंध वेळ होती. त्याचा अर्थ काय?"

"त्याचा अर्थ ती वस्तू तुमच्याबरोबर येत होती," जावई म्हणाला. "पण असं होत नाही अण्णा. गोंदात बुडबुडा राहिला असणार."

यंत्रातली नोंद त्यानं उलटी सरकवून पाहिली. कयाकखाली चार मीटरवर एक पिवळसर, बारीक, न तुटलेली रेघ होती. तळ खाली गेला, वर आला, झाडोरा आला आणि गेला, रेघ आपली चार मीटरवर. त्याच्या धंद्यात अशा चुकीच्या चित्राला कचरा म्हणायचे. डॉक्टर घाबरून फोन करत, की पेशंटच्या आत हे काय दिसतंय, आणि जावई जाऊन तार बदलून येई. आजवर एकदाही आत खरोखर काही निघालं नव्हतं.

त्यानं सेन्सर उकरून काढला, सगळा गोंद खरवडला आणि पुन्हा पहिल्यापासून बसवला. या वेळी गोंद कोमट करून, धार बारीक धरून ओतला. स्वतः फेरी मारली तर पडदा लख्ख होता. अण्णा गेले आणि रेघ आली. तीन मीटरवर.

इथे जावयाला पहिल्यांदा खटकलं. बुडबुडा असता तर रेघ दोघांनाही दिसली असती, आणि बुडबुडा एक मीटर वर चढत नाही. मग अण्णांच्या वजनानं तळ दबत असेल, म्हणून त्यानं वाळूच्या पिशव्या भरून कयाक तेवढीच जड केली आणि स्वतः बसला. काही नाही. अण्णांचा फोन, घड्याळ, किल्ल्या, कंबरेचा पट्टा, सगळं काठावर काढून ठेवायला लावलं. अण्णा म्हणाले, "आता दातही काढून देऊ का?" आणि विजार सावरत कयाकमध्ये बसले. रेघ होतीच.

घरी मात्र सगळं छान चाललं होतं. अण्णा दाढी करून जेवायला बसू लागले. वाढलेलं संपवून पुन्हा मागू लागले. संध्याकाळी लेकीशी गप्पा मारू लागले, आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला पाहून जावई आपल्या शंका गिळून टाकी. एकदा ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "तुझ्या त्या यंत्रानं माझे वडील परत आणले."

पण एका दुपारी कयाक धुताना त्यानं अण्णांची गळाची पेटी उघडली. डब्यातलं आमिष वाळून कडक झालं होतं. दोरा गुंडाळलेला तसाच होता, गळाला कागद लावलेला तसाच. अण्णा रोज जात होते आणि गळ टाकत नव्हते.

त्यानं विचारलं तेव्हा अण्णा ओशाळले नाहीत.

"गळ टाकला तर तिला लागेल ना," ते म्हणाले.

"कुणाला?"

"रेघेला." मग त्याचा चेहरा पाहून त्यांनी समजावणीच्या सुरात सांगितलं, "मी डावीकडे वळलो की ती वळते. मी थांबलो की थांबते. मी बोलतो थोडंफार. बाकी काही नाही हो."

"अण्णा, तुम्हाला असं वाटतंय का, की सासूबाई…"

अण्णा मोकळेपणानं हसले. "तुमच्या सासूबाई? छे, छे. तिला पाण्याची एवढी भीती, की नळ जोरात सोडला तरी ओरडायची. आणि जन्मभर संसार केलाय मी. ती माझ्या मागून चालत आली तर मला न बघता कळेल. ही ती नाही."

"मग कोण आहे?"

"ते मी कशाला विचारू?" अण्णा म्हणाले. "ती विचारते का मला, मी कोण म्हणून?"

त्या आठवड्यात रेघ दोन मीटरपेक्षाही वर सरकली.

जावयानं मग जे केलं ते त्याच्या धंद्याला धरूनच होतं. यंत्रात एक सोय असते. लाटा, फेस, तरंगता कचरा यांचे पृष्ठभागाजवळचे आवाज पडद्यावर येऊच द्यायचे नाहीत, वरचा एवढा एवढा थर कोरा ठेवायचा. त्यानं तो थर पुरता खाली ओढला. सेन्सरला दिसायचं ते दिसणारच होतं, नुसतं दाखवायचं नाही असं त्यानं यंत्राला सांगितलं. रेघ दिसली नाही म्हणजे म्हाताऱ्याचं खूळ उतरेल, गळ पुन्हा बाहेर निघेल, असा त्याचा हिशेब होता. ती खरोखर आहे की नाही, या प्रश्नाला त्यानं बगल दिली. कचरा असतो तेव्हा हा प्रश्नच येत नाही.

अण्णा त्या दिवशी लवकर परत आले. कयाक ओढायला हातही न लावता गाडीत जाऊन बसले.

"गेली," एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर ते भिंतीकडे तोंड करून पडले. ताट झाकून ठेवावं लागलं. दुसऱ्या दिवशी तेच. आणि तिसऱ्या दिवशी लेक कामावर गेल्यावर अण्णांनी शेजाऱ्याच्या गाडीवर कयाक चढवून घेतली आणि तळं गाठलं. दिवेलागणीला परत आले ते ओठ काळेनिळे पडलेले, हाताला फोड आलेले. पार कड्याखालपर्यंत शोधत गेले होते.

बायकोनं अण्णांच्या हाताला मलम लावलं, त्यांना झोपवलं आणि मग स्वयंपाकघरात नवऱ्यासमोर उभी राहिली.

"तू काय केलंस?"

त्यानं सगळं सांगितलं. रेघ, बुडबुडा, वाळूच्या पिशव्या, कोरा केलेला थर.

"मला एवढंच सांग," ती शेवटी म्हणाली. "ते कचरा आहे की नाही?"

जावयानं ओट्यावरचा नळ घट्ट बंद केला. "कचरा एका जागी असतो," तो म्हणाला. "ही वर येतेय."

ती खुर्चीवर बसली. बाप घरात ठेवला तर भिंतीकडे तोंड करून मरणार, तळ्यावर पाठवला तर तिथे काय होणार ते कुणालाच माहीत नाही, आणि दोन्हीकडे ती हातावर हात धरून बसलेली. "उद्या तू त्यांच्याबरोबर जा," ती म्हणाली. "शेवटचं. ते यंत्र पहिल्यासारखं करून दे, त्यांचं समाधान होऊ दे, आणि त्यांना सुखरूप घेऊन ये. मग ती कयाक मला या घरात नको. मी त्यांना काय सांगायचं ते सांगेन. तू फक्त घेऊन ये त्यांना."

"आणतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आकाश स्वच्छ होतं आणि पाण्यावर वारा नव्हता. काठावर एक कुटुंब चादर पसरून बसलं होतं, कुणीतरी कुत्र्याला चेंडू टाकत होतं. अण्णांनी पाण्यात तरंगवणारं केशरी जाकीट अंगात घातलं, जावयानं त्याचे पट्टे आवळले. यंत्र अजून तसंच ठेवलं होतं, काठावरून फोननंच थर मोकळा करता येत होता. अण्णा मुकाट्यानं निघाले आणि हाकेच्या थोडं पलीकडे, फोनला चित्र जेमतेम मिळत होतं तिथपर्यंत जाऊन थांबले.

जावयानं काठावरच्या दगडावर बसून थर मोकळा केला.

रेघ होती. अर्ध्या मीटरवर, म्हणजे कयाकच्या तळापासून हातभर खाली. जाड झाली होती.

त्यानं नोंद मागे सरकवली. काल कड्याखाली, पडदा कोरा असताना, सबंध दिवस ती होती. म्हातारा तिला शोधत फिरत होता आणि ती त्याच्या पायाखाली होती.

त्यानं मान वर केली. अण्णांनी जाकीट काढून पुढे डेकवर टाकलं होतं आणि ते एका बाजूला झुकले होते. कयाक कलली होती.

त्यानं फोन लावला.

"अण्णा, जाकीट घाला."

"त्यात वाकता येत नाही." आवाज अगदी प्रसन्न होता. "दिसतेय का तुम्हाला?"

"दिसतेय. परत फिरा."

"तुम्ही घालवली होतीत ना? मला वाटलं, गेली. ती इथेच होती. अरे, सगळा वेळ इथेच होती रे."

अण्णांनी त्याला आजवर कधी अरे म्हटलं नव्हतं. जावई उठून पाण्यात शिरला, बुटांसकट, गुडघ्यापर्यंत. त्याला पोहता जेमतेम येत होतं, आणि तेवढं अंतर त्याच्या आवाक्यातलं नव्हतं.

"अण्णा, हात पाण्यात घालू नका. ऐका माझं. या परत."

"येतो रे रोजच. ती काठापर्यंत सोडायला येते आणि थांबते. रोज तिला एकटीला टाकून यायचं, हे मला नाही जमत आता. एक माणूस टाकून आलो, तेवढं बस झालं."

कयाक आणखी कलली. पिवळी कड पाण्याला टेकली.

"मग टाकू नका," जावई म्हणाला. "घेऊन या. घरी चला, दोघंही."

समजूत काढताना माणूस तोंडाला येईल ते बोलतो. त्याला फक्त ती कयाक सरळ झालेली हवी होती.

"हे तुम्ही सांगताय?" अण्णा म्हणाले. "घर तुमचं आहे. मी तिथे पाहुणा. मी कसं बोलावणार?"

"मी सांगतोय. घर माझंच आहे. या."

"मग तिलाच सांगा. फोन धरतो खाली."

जावयाला दुरून दिसलं, अण्णांनी फोन धरलेला हात पाण्याजवळ नेला. फोनमधून पाण्याचा बारीक चुळचुळ आवाज यायला लागला. त्यानं डोळे मिटून घेतले.

"चला घरी," तो म्हणाला. "आमच्याकडे चला."

चुळचुळ थांबली.

त्यानं डोळे उघडले तेव्हा कयाक सरळ झाली होती आणि अण्णा काठाकडे वल्हवत येत होते.

त्याचा जीव भांड्यात पडला. कयाक काठाला लागल्याबरोबर त्यानं अण्णांना दंडाला धरून बाहेर घेतलं आणि कोरड्या जागी बसवलं. मग वाकून पाहिलं. पाणी गुडघाभर होतं, तळाची वाळू, शिंपले, एक बाटलीचं झाकण, सगळं स्वच्छ दिसत होतं. कयाकखाली काही नव्हतं.

दोघांनी मिळून कयाक गाडीच्या टपावर चढवली. पालथी घातली तर पडदा खाली येऊन मोडतो, म्हणून ती नेहमी सरळच, दोन फोमच्या ठोकळ्यांवर बसवायची. अण्णा पुढच्या सीटवर बसले, पट्टा लावला आणि म्हणाले, "भूक लागली बुवा." फार दिवसांनी असं म्हणाले. जावयाला एकदम भरून आलं. आणले, तो मनात म्हणाला. आणले सुखरूप.

बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती, तिला वाटेत घ्यायचं होतं. तो फोन समोरच्या पकडीत अडकवायला गेला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की गडबडीत यंत्र बंद करायचं राहिलं. बॅटरी वर डब्यात चालूच होती. पाणी किती खोल त्या आकड्याच्या जागी आता नुसत्या आडव्या रेघा होत्या. पाण्याबाहेर तसंच होतं, ते बरोबर होतं.

त्याखाली चित्र मात्र सरकत होतं. आणि चित्रात ती होती.

चित्र अडकलं असेल म्हणून त्यानं थोडा वेळ नुसतं पाहिलं. अडकलं नव्हतं. नोंदीत स्वच्छ दिसत होतं: काठावर ती अर्ध्या मीटरवर होती, मग कयाक टपावर चढली तशी खाली गेली, आणि आता एक मीटरच्या जरा अलीकडे स्थिर होती. गाडी गतिरोधकावरून गेली की थरथरायची आणि पुन्हा सरळ व्हायची.

सेन्सर बसायच्या जागेच्या किंचित मागे आहे, त्यानं विचार केला. कयाक टपावर आहे, म्हणजे तो मागच्या सीटच्या वर आला. खाली बघतोय. टपापासून मागच्या सीटपर्यंत अंतर साधारण तेवढंच असतं, एक मीटरच्या अलीकडे.

त्यानं आरशात पाहिलं. मागची सीट रिकामी होती.

अण्णा डोळे मिटून शांत बसले होते. त्यानं फोन पालथा घातला आणि गाडी चालवत राहिला.

चष्म्याच्या दुकानापुढे बायको उभीच होती. दोघांना पाहून तिचा चेहरा उजळला. खिडकीतून तिनं वडिलांच्या गालाला हात लावला, नवऱ्याकडे पाहून मान हलवली, आणि अण्णांच्या मागचं दार उघडलं.

दार उघडून ती थबकली. मग तिनं ते हलकेच लावलं, गाडीला मागून वळसा घातला आणि पलीकडच्या दारानं आत आली.

"इकडून का आलीस?" जावयानं विचारलं.

"कुठून?" ती म्हणाली. "चल ना, उशीर होतोय."

त्यानं गाडी सुरू केली आणि आरसा किंचित फिरवला. शेजारची सीट रिकामी असूनही ती दाराला अगदी खेटून बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन, गुडघे जुळवून. थोड्या वेळानं अण्णांनी आपल्या बाजूला रस्त्याकडेला काहीतरी दाखवलं, तेव्हा ते बघायला तिला पुढे वाकून मान लांब करावी लागली.